दादरला जाणाऱ्यांची यादी

सांगानेर, जयपूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदा,

जय भीम. तुझं पत्र पोचलं. एका पत्रात ‘मतलब’ चौदा वेळा! मी मोजले. छत्तीस वर्षं बुकिंग क्लार्क होतो, मोजल्याशिवाय हात खाली ठेवत नाही. पण लिहितेस हे बरं करतेस. फोनवर तू ‘हां काका, ठीक है काका’ म्हणून मोकळी होतेस. पत्रात लपायला जागा नसते. तुझ्या बाबाला मी शब्द दिलाय की पोरगी अमेरिकेत नर्स झाली तरी तिचं मराठी मरू देणार नाही.

इकडची मोठी बातमी सांगतो. रूपाली, तुझी शाळेतली मैत्रीण, पुढच्या उन्हाळ्यात निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीला उभी राहणार. आपल्या वस्तीची पहिली उमेदवार! मागच्या वेळी आपली मतं चार वाटांनी गेली. या वेळी विहारात सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय. दोनशे त्रेचाळीस मतं, एकगठ्ठा. या वॉर्डात साठ-सत्तर मतांवर माणूस पडतो की निवडून येतो, म्हणजे बघ.

मतदानाच्या दिवशीचा आमचा रिवाज तुला आठवतच असेल. तुझी काकू मला पांढरा शर्ट इस्त्री करून देते, स्वतः पांढरं लुगडं नेसते आणि आम्ही चहाच्या आधी जातो. बोटावरची शाई घासून काढणाऱ्यांना मी अजून झापतो. तुझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. १९५२ साली मूर्तिजापूरला पाटलाच्या मागे त्याच रांगेत उभे राहिले. पाटलाने मागे वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं, पण रांग सोडली नाही. हे ते मरेपर्यंत सांगत.

सध्या मी सहा डिसेंबरची यादी करतोय. या वर्षी दादरला एकशे अठरा जण. नाव, वय, घर नंबर, वरच्या बर्थला कोण, खालच्या कोण, सगळं माझ्या अक्षरात. चार तारखेला निघायचं, आठला परत. काल वॉर्डाच्या पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, माणूस आला होता, मुरलीधरजी. म्हणाला, स्टेशनपर्यंत बस आणि जेवणाची पाकिटं आमच्याकडून, सेवा म्हणून. विरोधी पार्टीचा, पण माणुसकी आहे हो! काकूने चहा दिला, तर आपल्या कपातून प्यायला. सगळा प्यायला. तळाशी घोटभरसुद्धा ठेवला नाही.

तू कशी आहेस? थंडीत मोजे घाल.

तुझा,
दशरथकाका


जॉर्जिया
१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,

जय भीम. या पत्रात ‘मतलब’ कमी आहेत, मोजून बघा.

रूपालीचं वाचून मी किचनमध्ये एकटीच नाचले. आणि लगेच शेजारच्या मिसेस लोरेनला सांगायला गेले. त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं ना, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ब्लॅक, चर्चमध्ये गातात, मला बळजबरीने शेंगदाणे उकडून देतात. त्या खूश झाल्या आणि मग त्यांनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, ‘किती मतं?’ मी सांगितलं. म्हणाल्या, ‘सगळी एका जागी? मग आता सांभाळा.’

काका, त्यांच्या आईला मत द्यायला गेल्यावर विचारलं होतं, साबणाच्या वडीतून बुडबुडे किती निघतात? उत्तर आलं नाही म्हणून यादीत नाव नाही. आता तसं कोणी विचारत नाही. आता कागद येतो. इथे ब्लॅक लोक रविवारची प्रार्थना झाली की चर्चच्या बसमध्ये बसून सरळ मत द्यायला जातात, गात गात. पूर्ण बस. मागच्या वेळी एका माणसाने बसून तीनशे नावांवर हरकत घेतली, की हे लोक या पत्त्यावर राहत नाहीत. त्यात मिसेस लोरेनही! एक्कावन्न वर्षं त्याच घरात राहतात त्या. लाइटची बिलं पिशवीत भरून ऑफिसला गेल्या तेव्हा नाव वाचलं. बरेच जण गेलेच नाहीत, कारण तो कागद त्यांना कचरा वाटला.

मी विचारलं, नावं कुठून मिळाली त्याला? म्हणाल्या, ‘आमच्याच एका यादीतून. कोण बसमध्ये बसणार याची यादी चर्चच्या दारावर लावली होती.’

म्हणून सांगते, तुमची दादरची यादी कोणाला देऊ नका. त्या मुरलीधरजींना तर नाहीच. चहा पाजा, यादी नको. प्लीज काका.

तुमची,
अक्षदा


सांगानेर
१२ डिसेंबर २०२५

चि. अक्षदा,

जय भीम. तुझं पत्र आम्ही दादरला असताना आलं. परतलो तेव्हा दाराच्या फटीत अडकलेलं होतं.

प्रवास चांगला झाला. काकूचे पाय सुजले, पण रांगेत सात तास उभी राहिली, बसली नाही.

मात्र इकडे एक घोळ झालाय. त्याच चार दिवसांत मतदार यादीची तपासणी करणारे वस्तीत येऊन गेले. दाराला कुलूप, म्हणजे माणूस राहत नाही, असा शेरा मारला. शिवाय आधीच कुणीतरी हरकतीचे अर्ज दिले होते, की ही माणसं इथून कायमची गेली. नोटिसा दारांवर चिकटवलेल्या होत्या. सुनावणी आठ तारखेला सकाळी अकराची. आमची गाडीच संध्याकाळी आली. दारात बॅगा ठेवून माणसं नोटिसा वाचत उभी होती. छपाईच्या कारखान्यातली जयंती, तिला वाचता येत नाही, ती माझ्याकडे कागद घेऊन आली, ‘दशरथभाऊ, काय लिहिलंय?’ मी वाचून दाखवलं. मग एकामागून एक सगळेच आले.

एकशे सतरा नावं. तुझ्या काकूचंही.

काकूने नोटीस घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली. म्हणाली, ‘मी तं इथंच हाव. पंचेचाळीस वर्षं झाली, कुठी गेली मी?’

रूपालीची धावपळ चालू आहे. म्हणते, म्हणणं मांडायला अजून मुदत आहे. काळजी करू नको. आपला देश म्हणजे तुझी अमेरिका नाही. आपल्याला मत पहिल्या दिवसापासून लिहून मिळालंय, त्यासाठी कुणाला बुडबुडे मोजावे लागले नाहीत.

थंडी फार आहे. हात आखडतो, म्हणून पत्र छोटं.

तुझा,
दशरथकाका


जॉर्जिया
२९ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना रडले, काकूच्या त्या वाक्याला. पंचेचाळीस वर्षं!

रूपालीशी फोनवर बोलले. तिने सांगितलं की मुदत ३१ जानेवारीपर्यंत आहे. एकशे सतरा जणांना वेगवेगळे कागद आणायला लावतील, एकेकाला कामावरून रजा मिळणार नाही, कोणाचं जन्माचं प्रमाणपत्रच नसेल. पण तिने दुसरा रस्ता सांगितला. हरकत घेणाराही त्याच यादीतला मतदार लागतो. आणि सगळ्या अर्जांवर सही एकाच माणसाची आहे, इतकं ऑफिसातल्या एकाने तिला सांगितलं. नाव सांगत नाहीत. तो माणूस सापडला आणि त्याने लिहून दिलं की हरकत खोटी आहे, तर सगळे एकशे सतरा अर्ज एका दिवसात रद्द!

मिसेस लोरेनही तेच म्हणतात. इथे तो तीनशे नाववाला सापडला होता. गावातच राहायचा, यांच्या चर्चच्या बाजूला त्याचं दुकान. त्या आणि अजून चाळीस बायका रविवारच्या टोप्या घालून त्याच्या दुकानात गेल्या आणि एकेकीने आपलं नाव आणि पत्ता सांगितला. बस. ओरडल्या नाहीत. मी विचारलं, मग काय झालं? म्हणाल्या, ‘तो खाली बघत होता. आमचं काम नावं सांगायचं होतं.’

काका, तुम्ही वस्तीतले सर्वांत मोठे. तुम्हीच शोधा त्याला. विहारात सगळ्यांसमोर उभं करा. लाज वाटली पाहिजे अशा माणसाला. मला तर त्याचा इतका राग येतो की काय सांगू!

तुमचं नाव वाचलं ना? एकशे अठरा गेले होते आणि एकशे सतरा कटले, म्हणून विचारते. तुमचं वाचलं असेल तर बरंच झालं, तुम्हीच पुढे होऊ शकता.

तुमची,
अक्षदा


सांगानेर
१७ जानेवारी २०२६

चि. अक्षदा,

जय भीम. पत्र पोचलं. माझं नाव आहे.

तो माणूस कोण ते कळलेलं नाही. शोधणं तुला वाटतं तितकं सोपं नसतं. दूर बसून उपदेश करणं सोपं असतं. तुझ्या मिसेस लोरेनला म्हणावं, प्रत्येक गावाची गोष्ट वेगळी असते.

तब्येत ठीक. विहारात सध्या जात नाही, गुडघा दुखतो.

दशरथकाका


जॉर्जिया
९ फेब्रुवारी २०२६

काका,

तुम्ही फोन उचलत नाही. काकू म्हणते, ‘ते बाहीर गेले’, आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो.

रूपालीला शेवटी एका अर्जाची झेरॉक्स मिळाली, जयंतीकाकींच्या नावाची. हरकत घेणाऱ्याच्या नावावर पांढरी पट्टी लावून झेरॉक्स केलीय, पण सही दिसते. तिने मला फोटो पाठवला. विचारलं, ‘अक्षदा, ओळखतेस का? मला ओळखल्यासारखी वाटते, पण वाटू नये असं वाटतं.’

माझ्या कपाटात तुमची एकवीस पत्रं आहेत, आणि तुम्ही गंमत म्हणून प्रत्येक पाकिटावर ऑफिसची सही करता. तिरकी, खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तिकिटावर करायचा तशी. मी एकवीस पाकिटं जमिनीवर मांडली आणि मध्ये फोन ठेवला.

मी रूपालीला अजून काही सांगितलेलं नाही. ३१ जानेवारी निघून गेली, काका. मी तुम्हाला महिनाभर आधी लिहिलं होतं. मतलब तुम्हाला माहीत होतं. मी ‘त्याला’ शिव्या देत होते आणि तुम्ही वाचत होता.

का?

अक्षदा


सांगानेर
१ मार्च २०२६

अक्षदा,

तू विचारलंस, सांगतो. पत्रात लपायला जागा नसते, हे मीच तुला लिहिलं होतं.

यादी मी मुरलीधरला नोव्हेंबरातच दिली. तुझं पत्र यायच्या आधी. त्यानेच मागितली, म्हणाला, पाकिटं किती, बसमध्ये सीटा किती, कळायला पाहिजे. मी नवीन कागदावर सुवाच्य काढून दिली, वर तारीख-वेळ घालून. चारला दुपारी निघणार, आठला संध्याकाळी परत. आम्ही कधी घरात नसणार हे मी माझ्या हाताने लिहून दिलं.

एक डिसेंबरला त्याने मला पार्षदाच्या ऑफिसात बोलावलं. पाच-सहा माणसं बसली होती. मी आत गेलो तर तो उठला आणि आपली खुर्ची मला दिली. ‘आइये दशरथजी, आप तो हमारे बुजुर्ग हैं.’ तू म्हणशील, खुर्चीचं काय एवढं? पोरी, एकोणऐंशी साली मी बुकिंग ऑफिसात लागलो तेव्हा माझा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कुणी बोलायचं नाही, फक्त पेला वेगळा. अकरा वर्षं. तुझ्या काकूलासुद्धा मी ते कधी सांगितलं नाही. आणि हा माणूस माझ्या घरी येऊन आमच्या कपातून चहा प्याला होता. मला वाटलं, संपलं ते सगळं. माझ्या हयातीत संपलं.

मग त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. ‘खाने के पैकेट की रसीद है, हर सवारी की एक. बस्ती की तरफ से आप ही साइन कर दो.’ कागद एकावर एक सरकवून मांडलेले, प्रत्येकाची फक्त खालची कड दिसेल असे. आम्ही ऑफिसात शंभर कागदांवर पटापट सह्या करायचो, ते असेच मांडायचो. छत्तीस वर्षांत मी न वाचता एक सही केली नव्हती. तिथे एकशे सतरा केल्या. वरचा कागद उचलून वाचावा असं एकदा मनात आलं. पण ज्याने खुर्ची दिली त्याच्यासमोर कागद वाचायला घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. मला ते बरं वाटलं नाही. अर्ज देणारा म्हणून यादीत माझं नाव राहायला हवं होतं, म्हणून माझं तेवढं सोडलं.

आठ तारखेला जयंतीची नोटीस हातात घेतली आणि मला सगळं कळलं. बाहेर माणसं उभी होती आणि मी एकेक नोटीस त्यांना वाचून दाखवत होतो.

तुझं डिसेंबरातलं पत्र चौदा जानेवारीला आलं. सतरा दिवस होते. रोज सकाळी शर्ट घालायचो, रूपालीकडे जायचं म्हणून. चपला घालायचो, काढायचो. मनात म्हणायचो, लोकांना कागदपत्रं आणून आपापलं नाव वाचवता येईल, मला कशाला पुढे यायला पाहिजे? या वस्तीत मला भाऊ म्हणतात. तेवढं एक होतं माझ्याकडे. ते वाचवायला मी एकशे सतरा माणसांचं मत घालवलं. तुझ्या काकूचं घालवलं.

मागच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात उभा राहिलो आणि सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मग जयंती उठली आणि म्हणाली, ‘जयंती. घर नंबर बावीस.’ तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. तू रूपालीला मिसेस लोरेनची ती गोष्ट सांगितली होतीस का? सांगितली असशील. मी खाली बघत होतो.

काकू शेवटी उठली. ‘द्वारका. घर नंबर सात.’ माझ्याच घराचा नंबर मला सांगितला आणि बाहेर गेली.

आता मी प्रतिज्ञापत्र लिहून दिलंय, रूपालीबरोबर रोज कार्यालयात जातो. ते म्हणतात, मुदत संपली, नव्याने नाव घाला, बघू.

काका


जॉर्जिया
१९ मार्च २०२६

काका,

तीन वेळा पत्र लिहून फाडलं.

हो, मीच सांगितली होती ती गोष्ट. तो माणूस तुम्ही असाल हे माहीत असतं तरी सांगितली असती, असं आता वाटतं.

पेल्याचं वाचून मी मिसेस लोरेनकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, सहीचंही. ऐकता ऐकता त्या शेंगा सोलत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्यांना बरोबर ठाऊक असतं की आपल्याला खुर्ची कुठे हवी आहे.’ माफ करा असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही अजून म्हणू शकत नाही. पण तुम्ही रोज कार्यालयात जाता, ते थांबवू नका. आणि लिहीत राहा.

अक्षदा


सांगानेर
६ मे २०२६

चि. अक्षदा,

निकाल तुला रूपालीने कळवला असेलच. बावन्न मतांनी पडली. एकशे सतरापैकी अडतीस नावं परत आली, एकोणऐंशी आली नाहीत. वजाबाकी तू करशील, मी रोज करतो.

काकूचं आलं नाही. तिचा अर्ज ‘तपासणीत’ आहे. जयंतीचंही नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी उठलो तर खुर्चीवर माझा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. विहारात सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, म्हणून मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मी नाही जात. ती म्हणाली, ‘काहून? तुमचं नाव हाय न. जा.’ ती स्वतः पांढरं लुगडं नेसून बसली होती. नाव नसताना नेसली होती.

एकटा गेलो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एकटा. शाळेबाहेर टेबल टाकून मुरलीधर चिठ्ठ्या वाटत होता. मला बघून उठला. ‘आइये दशरथजी, बैठिये.’ तीच खुर्ची पुढे केली. अक्षदा, त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. मी उभाच राहिलो. म्हटलं, ‘दशरथ. मकान नंबर सात. मेरी घरवाली भी वहीं रहती है.’ तो हसला आणि पुढच्या माणसाला चिठ्ठी दिली. म्हणजे तो खाली बघत नाही. हे तुझ्या मिसेस लोरेनला सांग. सगळेच खाली बघत नाहीत.

रांगेत आपले फार थोडे होते. आत बाईने बोटाला शाई लावली. बटण दाबलं. घरी आलो. काकूने चहा ठेवला, कप पुढे सरकवला आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. मी हात मांडीखाली घेतला.

तेव्हापासून मी ते बोट घासतोय. साबणाने, लिंबाने, परवा तर काथ्याने, रक्त आलं. ज्यांनी शाई पुसली त्यांना मी चाळीस वर्षं झापलं. निघत नाही. नखाच्या मुळाशी घट्ट बसलीय.

आज सकाळी मी मोरीत बसून घासत होतो, तर काकू येऊन मागे उभी राहिली. तिने माझ्या हातातून काथ्या काढून घेतला. मला वाटलं, जखमेला हळद लावेल. पण तिने काथ्या कोनाड्यात ठेवला आणि म्हणाली,

‘घासू नका. राहू द्या. लोकाइले दिसू द्या.’

तुझा,
दशरथकाका